कलम ३७७ पासून शिधापत्रिकेपर्यंत : समलिंगी हक्कांच्या चळवळीने सत्तेला नेमके कुठे हलवले?

भीमाकाठ (धागाकर्ता) :

समलिंगी हक्कांचा विषय निघाला की आपण बहुधा ६ सप्टेंबर २०१८ पासून सुरुवात करतो, कारण त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांमधले संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेतल्या, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून एकमताने बाहेर काढले. मला मात्र त्याआधीच्या वीस-पंचवीस वर्षांबद्दल लिहायचे आहे. ज्यांची मतपेढी नाही, ज्यांना स्वतःचे नाव सांगायलाही भीती वाटते, अशा माणसांचे म्हणणे केंद्र सरकारच्या धोरणापर्यंत पोहोचले कसे, हा माझा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे ते पुढाऱ्यांच्या मनात फार उशिरा पोहोचले; आधी ते आरोग्य मंत्रालयाच्या फायलीत शिरले, आणि पुढे जे मिळाले व जे राहून गेले त्या दोन्हींचे मूळ तिथेच आहे.

मी २००४ ते २०११ या काळात मुंबईतल्या एका संस्थेच्या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पात काम केले. २००५ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या एका आउटरीच वर्करचा फोन आला. रेल्वे स्थानकाबाहेर तो कंडोम वाटत असताना हवालदाराने त्याला धरून चौकीत नेऊन बसवले होते. मी पोहोचलो तेव्हा त्याची पिशवी टेबलावर रिकामी केलेली होती. कंडोमच्या पट्ट्या, माहितीपत्रके, भिजलेली नोंदवही आणि प्रात्यक्षिकासाठी वापरायचा लाकडी नमुना, हे सगळे ओळीने मांडून ठेवले होते. पोरगा बावीस वर्षांचा होता आणि घरी कळेल या एका धास्तीने त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी एड्स नियंत्रण संस्थेचे शिक्का मारलेले पत्र दाखवले, तासभर बोललो आणि त्याला सोडवून आणले. त्या टेबलावरचे कंडोम शासनाच्याच पैशाने आले होते आणि शासनाचेच पोलीस ते पुरावा म्हणून मोजत होते. एक खाते जे वाटते तेच दुसरे खाते जप्त करते, हे मी त्या रात्री हातभर अंतरावरून पाहिले.

चळवळीने बोट ठेवले ते याच विसंगतीवर. १९९४ मध्ये तिहार कारागृहात कैद्यांना कंडोम देण्यास तिथल्या प्रमुख किरण बेदी यांनी नकार दिला, तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या दिल्लीच्या गटाने कलम ३७७ ला उच्च न्यायालयात आव्हान दिले. ती याचिका तडीस गेली नाही. जुलै २००१ मध्ये लखनौत आमच्यासारखेच काम करणाऱ्या संस्थांवर छापे पडले आणि चार कार्यकर्ते ४७ दिवस तुरुंगात राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस एचआयव्हीवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनने लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेच्या मदतीने दिल्ली उच्च न्यायालयात नवी याचिका दाखल केली. या कलमामुळे एचआयव्ही प्रतिबंधाचे सरकारी काम अडते, हा त्या याचिकेचा एक कणा होता. २००४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा ऐकण्यासाठी परत पाठवली.

आणि मग ते घडले ज्याला मी या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा राजकीय क्षण मानतो, जरी त्याची छायाचित्रे कुठेच छापून आली नाहीत. एकाच खटल्यात एकाच केंद्र सरकारची दोन प्रतिज्ञापत्रे समोरासमोर उभी राहिली. भारतीय समाज हे मान्य करत नाही, म्हणून कलम राहू द्यावे, असे गृह मंत्रालय म्हणत होते. आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतली नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, सांगत होती की देशात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष अंदाजे २५ लाख आहेत, त्यांच्यातले एचआयव्हीचे प्रमाण ८ टक्क्यांहून अधिक आहे, आणि पोलिसांच्या भीतीने ते लपून राहत असल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. चौकीतल्या त्या टेबलावर मी जे पाहिले होते, तेच आता शासनाने स्वतःच्या सही-शिक्क्यानिशी लिहून दिले होते. ते कागद आपोआप तयार झाले नाहीत. फील्डवरच्या पोरांनी वर्षानुवर्षे भरलेली नोंदवही, मासिक अहवाल आणि दिल्लीतल्या बैठकांमध्ये पुन्हा पुन्हा मांडलेले आकडे त्यांच्या मुळाशी होते.

त्यानंतर मंत्र्यांना बोलणे शक्य झाले. ऑगस्ट २००८ मध्ये मेक्सिको सिटीच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेच्या निमित्ताने आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी कलम ३७७ जायला हवे असे उघडपणे सांगितले. या बदलाला विरोध करणाऱ्या गृह मंत्रालयाची सूत्रे तेव्हा आपल्या लातूरच्या शिवराज पाटील यांच्याकडे होती. रामदास यांनी हक्कांची भाषा वापरली नसती तरी चालले असते, कारण साथरोगाची भाषा त्यांच्या खात्याची होती आणि ती बोलल्याबद्दल त्यांना कोणी जाब विचारू शकत नव्हते. २ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (आमच्या सोलापूरचे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही) आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला, आणि मंत्रिमंडळाने त्याविरुद्ध स्वतः अपील न करता अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयावर सोपवायचे ठरवले.

माझी खंतही इथेच आहे. सरकारला पटले ते आमच्या आजाराचे गणित. माणूस म्हणून कोणाच्या शेजारी राहण्याचा, कोणाचा वारस होण्याचा प्रश्न त्या फायलीत नव्हता. मंडळींनी आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

सोनचाफा :

भीमाकाठ, तुम्ही फायलीचे लिहिले ते पटले, पण सगळे श्रेय फायलीला देऊ नका. माझ्या मुलाने मला डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले. त्या महिन्याच्या ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल रद्द केला होता, आणि रात्री जेवताना दूरचित्रवाणीवर ती चर्चा चालू असताना तो ताटावरून उठून आत गेला. मी मागे गेले तेव्हा तो म्हणाला, "आई, ते आज माझ्याबद्दल बोलतायत." पुढचे सहा महिने मला कसलीच वाट दिसत नव्हती हे मी लपवणार नाही.

त्याच खटल्यात १९ पालकांनी न्यायालयापुढे येऊन आमच्या मुलांना गुन्हेगार ठरवू नका असे सांगितले होते. हे मला उशिरा कळले, पण कळल्यावर धीर आला. नंतर आम्ही तीन आया मिळून आमच्या भागातल्या एका लोकप्रतिनिधींना भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला चहा दिला, वीस मिनिटे नीट ऐकून घेतले आणि दाराशी येऊन म्हणाले, "ताई, तुमचे दुःख मला कळते. पण हे मी सभेत बोललो तर पुढच्या वेळी मला तिकीट मिळणार नाही." त्यांचा मला राग आला नाही. त्यांनी खरे सांगितले होते, आणि खासगीत पटणे व जाहीरपणे बोलणे यांत किती अंतर असते ते आम्हाला समजले.

म्हणून मला वाटते की आकड्यांनी मंत्र्याला तोंड उघडता आले, तसेच पुढाऱ्यांना चेहरे दिसणेही गरजेचे होते. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सोनिया गांधींनी निराशा व्यक्त केली आणि संसद यात लक्ष घालेल अशी आशा बोलून दाखवली. २०१४ च्या काँग्रेसच्या जाहीरनाम्यात हे कलम बदलण्याचे आश्वासन आले. दहा वर्षांपूर्वी कोणत्या राष्ट्रीय पक्षाने हे छापले असते? २००९ ते २०१३ ही चार वर्षे आपली मुले कायद्याने गुन्हेगार नव्हती, त्या काळात हजारो घरांत ही गोष्ट बोलली गेली होती, आणि बोललेली गोष्ट परत गिळता येत नाही.

तळटीप :

मी या हक्कांच्या बाजूचा आहे, तरीही एक आक्षेप मनापासून मांडतो. जो बदल लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात झाला नाही, तो लोकांचा झाला असे म्हणता येते का? समलिंगी विवाहाच्या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय कायदेमंडळाचा आहे असे सांगितले, आणि तत्त्व म्हणून मला ते चुकीचे वाटत नाही. बालविवाहाविरुद्धचा सारडा कायदा, हिंदू कोड बिल, या प्रत्येक वेळी कोणीतरी सभागृहात उभे राहून शिव्या खाल्ल्या आणि समाजाला वाद घालायला भाग पाडले. महाराष्ट्रातल्या सुधारकांची परंपरा न्यायालयाच्या आडोशाला उभी नव्हती. चळवळीने पुढाऱ्यांवर मतदारसंघातून दबाव आणण्याचे कष्टाचे काम टाळले, अशी माझी तक्रार आहे.

भीमाकाठ :

तळटीप, तुमच्या आक्षेपाला मी मान देतो, पण सभागृहात काय घडले तेही पाहू या. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ दुरुस्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडण्याची परवानगी मागितली. विधेयकावर चर्चा तर दूरच राहिली, ते मांडूच द्यायचे की नाही यावर मतदान झाले आणि ७१ विरुद्ध २४ मतांनी परवानगी नाकारली गेली. मार्च २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा बाजूने १४ आणि विरोधात ५८ मते पडली. पाचशेहून अधिक सदस्यांच्या सभागृहात त्या दोन्ही दिवशी शंभरही सदस्यांनी मत दिले नाही, आणि ज्या पक्षाने जाहीरनाम्यात आश्वासन दिले होते त्याच्या बाकांवरचीही पुष्कळ जागा रिकामी होती. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. स्वातंत्र्यापासून आजवर फक्त १४ खासगी विधेयके कायदा होऊ शकली आहेत आणि त्यातले शेवटचे १९७० मधले आहे. चळवळीने संसदेचे दार ठोठावलेच नाही असे म्हणणे त्यामुळे मला अन्यायाचे वाटते.

मतदारसंघातून दबाव आणायचा तर आधी उघडपणे उभे राहावे लागते. ज्याचे उभे राहणे हेच पोलिसांना निमंत्रण होते, त्याच्याकडून १८६० च्या दंड संहितेखाली असताना ही अपेक्षा कशी करायची? आपल्या सुधारकांना बहिष्कार, शेणगोळे आणि निंदा सोसावी लागली हे खरे, पण त्यांचे अस्तित्वच गुन्हा नव्हते.

अर्धविराम :

मी उच्च न्यायालयात वकिली करते, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहिते.

पहिली गोष्ट सरकारच्या मौनाबद्दल. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयात केंद्राच्या वतीने अतिरिक्त सॉलिसिटर जनरल पी. पी. मल्होत्रा यांनी समलिंगी संबंध अनैतिक आहेत असा युक्तिवाद केला, आणि त्याच दिवशी गृह मंत्रालयाने ती आमची भूमिका नव्हे म्हणून हात झटकले. २०१८ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांचा प्रश्न न्यायालयाच्या विवेकावर सोडला. दोन वेगळ्या विचारांची सरकारे शेवटी एकाच जागी येऊन उभी राहिली, आणि ती जागा म्हणजे न्यायालयाच्या पायऱ्या. चळवळीचा प्रभाव इतका वाढला होता की विरोध करणे लाजिरवाणे ठरू लागले होते, पण पाठिंबा देणे अजूनही महागात पडेल असे पुढाऱ्यांना वाटत होते. यात भर पडली ती २४ ऑगस्ट २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालाची. २०१३ च्या निकालाने या समूहाला अत्यल्पसंख्य म्हणून बाजूला सारले होते. संख्या कमी असणे हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढच्या त्या प्रकरणात स्पष्ट लिहिले गेले आणि २०१८ चा पाया तिथे घातला गेला.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. २०१८ च्या निकालाने कलम ३७७ पूर्ण रद्द केले नव्हते. पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर झालेल्या बळजबरीसाठी ते शिल्लक होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात या कलमाला समांतर तरतूदच नाही. गृह विभागाच्या संसदीय स्थायी समितीने संमतीविना झालेल्या कृत्यांसाठी ती ठेवावी अशी शिफारस केली होती, तीही मानली गेली नाही. बलात्काराच्या व्याख्येत पीडित फक्त स्त्री आहे. आज एखाद्या तरुणावर अत्याचार झाला तर मला मारहाण, दुखापत, डांबून ठेवणे अशी कलमे जोडून तक्रार लिहावी लागते, आणि झालेल्या गोष्टीचे खरे नाव तिच्यात कुठेच येत नाही. असा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याने तक्रारीचा मसुदा दोनदा वाचला आणि विचारले, "यात ते का नाही लिहिलं?" तळटीप यांचा मुद्दा मला इथे वेगळ्या अर्थाने पटतो. ज्या विषयावर संसदेला बोलायचेच नसते, तो विषय कायद्यातून गुपचूप काढून टाकला जातो आणि सोबत लोकांचे संरक्षणही जाते.

मुळशीकर :

नागपूरचा, म्हणजे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा, उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहितो, कारण सध्याच्या सत्तेच्या संदर्भात तो टाळता येणार नाही. मार्च २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी लैंगिक पसंती हा गुन्हा मानू नये असे म्हटले, आणि लगेच पुढच्या खुलाशात त्याला मानसिक बाब ठरवले. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन अशी माणसे समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांना जगण्याचा अधिकार आहे असे सांगितले. माझ्यासारख्या शाखेत वाढलेल्या माणसासाठी हे शब्द लहान नव्हते. मी ती मुलाखत माझ्या वडिलांना वाचून दाखवली आणि आमच्या घरात पहिल्यांदा माझ्या जोडीदाराचे नाव घेतले गेले.

मात्र दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, केंद्राने विवाहाला विरोध करणारे प्रतिज्ञापत्र दिले आणि एप्रिलमध्ये ही मागणी शहरी उच्चभ्रूंची असल्याचे न्यायालयात सांगितले. माझे गाव मुळशी तालुक्यात आहे आणि माझा जोडीदार पंढरपूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा आहे. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दूरदेशी :

कामानिमित्त मी काही वर्षे काठमांडूत होतो, म्हणून तुलनेसाठी थोडक्यात लिहितो. तिथे ब्लू डायमंड सोसायटी या समलिंगी हक्कांच्या संस्थेच्या याचिकेवर २००७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि तिचे संस्थापक सुनील बाबू पंत २००८ मध्ये संविधान सभेचे सदस्य झाले. राज्यघटना लिहिली जात असताना कार्यकर्ता स्वतः सभागृहात बसलेला होता. २०१५ च्या नेपाळी राज्यघटनेत लैंगिक अल्पसंख्याकांचा उल्लेख आला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिल्या विवाहाची नोंद झाली. आपल्याकडे राष्ट्रवादी काँग्रेसने ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रात या समूहासाठी स्वतंत्र विभाग काढला ही चांगली सुरुवात होती, पण विभाग असणे आणि उमेदवारी मिळणे यांत पुष्कळ अंतर आहे.

सोनचाफा :

मुळशीकर, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार बरे वाटले. २०२३ च्या सुनावणीच्या वेळी स्वीकार या पालकांच्या गटाच्या चारशेहून अधिक जणांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले होते. आम्ही डोळे मिटण्याआधी मुलांच्या नात्याला कायद्याचे छत्र मिळावे, एवढेच त्यात मागणे होते. निकाल विरुद्ध गेला, तरी त्यातून निघालेल्या कॅबिनेट सचिवांच्या समितीचे पुढे काय झाले, हे कोणी सांगेल का? माझा मुलगा आणि त्याचा जोडीदार आता सहा वर्षे एकत्र राहत आहेत.

अर्धविराम :

समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. त्यानंतर केंद्राने काही सूचना काढल्या. एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावे, असे अन्न विभागाने राज्यांना कळवले. संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणताही अडसर नाही, हे अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात देण्याबाबत आरोग्य मंत्रालयाने राज्यांना लिहिले. या सूचना आहेत, कायदा नव्हे. वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन यांतले काहीच त्यात नाही, आणि विवाहाच्या निकालावरच्या पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या आहेत.

मुळशीकर :

शिधापत्रिकेचा अनुभव आम्ही घेतला. आम्ही दोघे एका तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत अर्ज घेऊन गेलो. नात्याच्या रकान्यात मी 'जोडीदार' लिहिले होते. कारकुनाने पेनाने त्याखाली रेघ ओढली आणि इथे भाऊ, मित्र की भाडेकरू ते लिहा असे सांगितले. केंद्राचे पत्र आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे आलं नाही." तो उद्धट नव्हता. त्याने खुर्ची दिली, संगणकावर नात्यांची यादी उघडून दाखवली, आणि तिच्यात आम्हाला बसवता येईल असा पर्याय खरोखरच नव्हता.

भीमाकाठ :

मुळशीकर, ही यादी हीच आता खरी लढाई आहे, आणि ती मला ओळखीची वाटते. २००५ मध्ये त्या चौकीतही माझ्याकडचे पत्र खरे होते, फक्त ते समोरच्या टेबलापर्यंत पोहोचलेले नव्हते. आमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी काही जण आता जिल्ह्याजिल्ह्यांत अशा नाकारलेल्या अर्जांची नोंद ठेवत आहेत: तारीख, कार्यालय, कोणता रकाना, काय उत्तर मिळाले. तुमच्या अर्जाची पोचपावती मिळाली असेल तर जपून ठेवा. मिळाली नसेल तर पुन्हा जाऊन अर्ज आवक कक्षात द्या, आवक क्रमांक घ्या, आणि केंद्राच्या पत्राची प्रत सोबत जोडा. ज्यांना ती प्रत हवी असेल त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. सोनचाफा ताई, तुमच्या मुलालाही सांगा.